नॉर्वेची पीएचडी: फॉर्म नाही, जाहिरात

"नॉर्वेत पीएचडीला फुल स्कॉलरशिप असते ना? फॉर्म कधी निघतात?" एम.एस्सी.ची मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, कधीकधी कॉलेजातले सरही विचारतात. उत्तर शांतपणे ऐकून घेतात आणि पुन्हा म्हणतात, "ते ठीक आहे, पण स्कॉलरशिपचं काय?"

स्कॉलरशिप नाही हो. नोकरी आहे.

ओस्लो, बर्गन, ट्रॉम्सो, ट्रॉन्डहाइमचं एनटीएनयू विद्यापीठ, कुठेही जा. तिथे पीएचडी करणारे बहुतेक जण 'स्टिपेंडियाट' या पदावर नेमलेले विद्यापीठाचे कर्मचारी असतात. पद तीन वर्षांचं. पाव वेळ शिकवण्यासारखं विभागाचं काम करायचं असेल तर चार वर्षांचं. नेमणुकीचा करार होतो, पगारातून पेन्शनची कपात होते, आजारपणाची रजा मिळते. मूल झाल्यावर आईने किंवा बापाने रजा घेतली, तर पदाची मुदतही तेवढी पुढे सरकते. आपल्याकडची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती करमुक्त असते. या पगारावर मात्र कर भरावा लागतो.

नोकरी म्हटलं की जागा निघावी लागते. प्रत्येक जागेची वेगळी जाहिरात येते, बहुधा 'जॉबनॉर्गे' या संकेतस्थळावर, आणि तिची शेवटची तारीखही वेगळी असते. "आधी प्रवेश घेऊ, पैशांचं नंतर बघू" हा आपला क्रम तिथे उलटा चालतो: आधी नेमणूक, मग पीएचडीला प्रवेश. सरकारी विद्यापीठ असल्याने अर्ज तज्ज्ञांची समिती तपासते आणि उमेदवारांचा क्रम लावते. अर्जदारांची यादीसुद्धा माहितीच्या कायद्याखाली उघड होऊ शकते. नाव झाकायचं तर कारण देऊन तशी विनंती करावी लागते. मग "जागा पक्की करून देतो" म्हणणारा एजंट पैसे नेमके कशाचे घेतो? शंभर प्राध्यापकांना एकच ईमेल धाडण्यातही अर्थ नाही. प्रकल्पात पैसा असला तरी जागा सहसा जाहिरात देऊनच भरतात. त्या जाहिरातीत चौकशीसाठी एक नाव दिलेलं असतं. त्या माणसाला संशोधनाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा, सीव्ही चिकटवून "रिस्पेक्टेड सर" नको.

पगाराबद्दलही गैरसमज आहेच. वर्षाला साधारण साडेपाच लाख क्रोनर, त्याला आठाने गुणलं की "चव्वेचाळीस लाखांचं पॅकेज" तयार! हा आकडा कर कापण्याआधीचा आहे, आणि ओस्लोचं घरभाडं कुणीच आठाने गुणत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. नॉर्वेत शिक्षण सगळ्यांनाच फुकट, हे आता जुनं झालं: 2023 च्या शरद सत्रापासून भारतीयांना पदवी आणि मास्टर्सला फी आहे, पीएचडीला नाही. नेट लागत नाही, पण नुसत्या बी.ई.वर सहसा भागत नाही, मास्टर्स हवं. नॉर्वेजियन येत नाही म्हणून विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांनी मागे राहू नये, बहुतेक जाहिराती अर्जासाठी इंग्रजीच मागतात. निवासाचा परवाना विद्यार्थ्याचा नसतो, कुशल कामगाराचा असतो. आणि पदाची मुदत संपली की पदवी हातात पडत नाही, फक्त पगार थांबतो. समितीने प्रबंध पास केल्यावरही सहसा नेमून दिलेल्या विषयावर व्याख्यान द्यावं लागतं आणि भर सभेत दोन विरोधकांसमोर प्रबंधाचा बचाव करावा लागतो.