विश्लेषण : शाळेच्या ताटात १२ ग्रॅम प्रथिनं, पण ती येतात कुठून?

शाळेतल्या खिचडीची बातमी होते ती बहुतेक वेळा अळ्या निघाल्या किंवा मुलांना उलट्या झाल्या म्हणून. ताटात मुळात काय आणि किती असायला हवं, यावर फारसं कुणी बोलत नाही. त्याचे आकडे ठरलेले आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हे आकडे आले आणि शाळेतलं जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झालं.

हे आकडे पुरेसे आहेत का, हा प्रश्न महाराष्ट्रात गेल्या वर्षी अंड्यामुळे पुन्हा समोर आला. त्याकडे येण्याआधी थोडा मागचा हिशेब पाहू.

कोरड्या तांदळापासून ४५० कॅलरीपर्यंत

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने ही योजना सुरू केली, तेव्हा बहुतेक राज्यांत जेवण शिजतच नव्हतं. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी नेता यायचं. ते घरात कुणाच्या ताटात जायचं, ते घरच्यांनाच ठाऊक. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या, असा आदेश दिला. त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असावीत, असंही सांगितलं. २००६ मध्ये प्राथमिकसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम हा निकष झाला. पुढे उच्च प्राथमिकचे वर्गही योजनेत आले. २०२१ मध्ये योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं. राज्यात अजूनही सगळे 'शालेय पोषण आहार'च म्हणतात.

कॅलरीचा हिशेब प्रत्यक्षात कसा लागतो?

शाळेला कॅलरी मोजता येत नाहीत, म्हणून सरकारने वजनं ठरवून दिली आहेत. प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकला या सगळ्याच्या दीडपट.

आता बेरीज करा. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळातून साधारण ३५५ कॅलरी आणि जवळपास ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. २० ग्रॅम तूरडाळीतून ६५ कॅलरी आणि ४ ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं. तेलाच्या ४५ कॅलरी. इथपर्यंतच ४६५ कॅलरी आणि १२ ग्रॅम झाले.

म्हणजे निकष पूर्ण झाला आणि भाजी अजून पातेल्यात पडलेलीही नाही.

खरी अडचण इथे आहे. तीन चतुर्थांश कॅलरी एकट्या तांदळाच्या आहेत आणि प्रथिनांतला मोठा वाटाही त्याचाच आहे. भाताच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळ ती उणीव भरून काढते, पण ती पूर्ण २० ग्रॅम पडली तरच. भाजी कमी झाली, तर कॅलरी आणि प्रथिनांच्या रकान्यांत जवळपास काहीच बदलत नाही. लोह, अ जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड यांचं काय? २००६ च्या निकषांत त्यांच्यापुढे आकडाच नव्हता, फक्त 'पुरेशा प्रमाणात' असा शब्द होता. 'पुरेसं' म्हणजे किती, हे कुठल्या तराजूवर मोजायचं?

आणि गरज नेमकी तिथेच आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात देशातली ५ ते ९ वयोगटातली सुमारे २४ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. १० ते १९ वयोगटात हे प्रमाण २८ टक्के होतं.

अंडं आलं आणि गेलं

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं, आणि ते न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ, असा निर्णय घेतला. जून २०२४ मध्ये पाककृतींची नवी यादी आली. त्यात मोड आलेली कडधान्यं, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व असं बरंच काही होतं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. द्यायचे असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं ठरलं.

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम दर्जाची प्रथिनं असतात, शिवाय ब-१२ जीवनसत्त्व, जे भात, डाळ आणि भाजी यांत नसतं. तरीही अंडं काढल्याने ४५० आणि १२ हे आकडे हलत नाहीत. चर्चा शाकाहार-मांसाहारावर अडकली, पण मुद्दा खर्चाचा आणि निकषाचाही होता. जे मोजलंच जात नाही, ते पैसे कमी पडले की आधी कापलं जातं. लोकवर्गणीवर सोडलं, तर ज्या गावात वर्गणी निघते तिथल्याच मुलांना अंडं मिळणार. ज्या पाड्यावर त्याची सर्वाधिक गरज आहे, तिथे वर्गणी कोण देणार?

तमिळनाडूत अंडं कित्येक वर्षांपासून जेवणाचा भाग आहे. कर्नाटकात २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्यातले सहा दिवस अंडं देण्याची व्यवस्था झाली. तिथेही न खाणाऱ्या मुलांसाठी पर्याय आहेच.

६ रुपये ७८ पैशांत काय येतं?

तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे, तर उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे असा दर आहे. यात केंद्र-राज्य वाटा ६०:४०.

डाळ १२० रुपये, भाजी ४० रुपये आणि तेल १४० रुपये किलो धरलं, तर प्राथमिकच्या एका ताटाचे ५ रुपये १० पैसे होतात. उरलेल्या पावणेदोन रुपयांत मसाला आणि गॅस. भाजी ८० वर गेली की इंधनाआधीच ७ रुपये १० पैसे. पावसाळ्यात भाजीचा हा भाव काही नवलाचा नाही. मग खिचडीत बटाट्याच्या चार फोडी दिसल्या, तर दोष एकट्या स्वयंपाकीताईंचा कसा?

लोहाचा तांदूळ आणि लिंबाची फोड

सूक्ष्म पोषकांवर उपाय म्हणून केंद्राने २०२१ मध्ये शाळांसाठी फोर्टिफाइड तांदूळ आणला. त्यात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून बनवलेला असतो. प्रमाणानुसार १०० ग्रॅममधून सुमारे २.८ ते ४.२५ मिलिग्रॅम लोह मिळतं. काही ठिकाणी 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून हे दाणे निवडून टाकले गेले, ते वेगळंच. शिवाय असं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व हवं. म्हणजे पुन्हा ताजी भाजी किंवा लिंबूच.

अमेरिकेतल्या शाळांचा निकष वेगळ्या पद्धतीचा आहे. पाचवीपर्यंतच्या मुलांच्या जेवणाला आठवड्याच्या सरासरीने ५५० ते ६५० अशी किमान आणि कमाल, दोन्ही मर्यादा आहेत. त्याशिवाय हिरव्या पालेभाज्या, लाल-केशरी भाज्या, कडधान्यं असे गट करून प्रत्येक गट आठवड्यात किती हवा, तेही ठरलेलं आहे. तिथे पालेभाजीची जागा बटाटा घेऊ शकत नाही.

तपासतं कोण?

२०१५ च्या नियमांनुसार जेवणाची पोषणमूल्यं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यायची असतात. रोजची तपासणी मात्र चवीची. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी खाऊन बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं.

पालकांना घरच्या तराजूवर करता येईल अशी तपासणीही आहे. पन्नास मुलांच्या प्राथमिक शाळेत रोज पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, अडीच किलो भाजी आणि पाव किलो तेल लागलं पाहिजे. तांदळाची पोती मोजली जातात, त्यांची नोंदही असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत त्या अडीच किलो भाजीची पावती मागून पाहा.