मराठी ख्रिस्ती उपासनेतील बालकांचे स्थान

ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेत लहान मुलांना कितपत सामावून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिस्तीचा व सोयीचा वाटतो. मूल रडते, बाकांमधून धावते, प्रवचन चालू असता मोठ्याने काहीतरी विचारते. म्हणून त्याला बाहेर न्यावे की आत राहू द्यावे, एवढाच त्याचा व्याप आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः या प्रश्नाच्या मुळाशी उपासनेच्या स्वरूपाविषयीची एक कल्पना दडलेली असते. उपासना ही मुख्यतः ऐकून समजून घेण्याची गोष्ट असेल, तर बालक हे अपुरे उपासक ठरते. उपासना ही सर्वांनी मिळून करावयाची कृती असेल, तर बालक आज, आहे त्या वयात, तिचे अधिकारी ठरते.

शुभवर्तमानांचा कौल या बाबतीत स्पष्ट आहे. बालकांना येशूकडे आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावले तेव्हा येशू रागावला, आणि त्याने मुलांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला, असे मार्काने नोंदविले आहे. मत्तयाच्या वृत्तांतात मंदिरात जयघोष करणाऱ्या मुलांवर याजक चिडले असता येशूने मुलांचीच बाजू घेतली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही प्रसंगी मुलांना अडविणारी माणसे धर्मश्रद्धच होती. पावित्र्य राखण्याच्या सद्हेतूनेच मुले दूर लोटली जात होती.

पुढील काळात निरनिराळ्या ख्रिस्ती परंपरांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. पौर्वात्य सनातनी मंडळ्यांत तान्ह्या बालकाला बाप्तिस्म्याबरोबरच तैलाभ्यंग होतो व प्रभुभोजनही मिळते. रोमन कॅथलिक मंडळीत पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचे वय साधारणपणे सातव्या वर्षापर्यंत खाली आणले. पुढे १९७३ मध्ये मुलांसह होणाऱ्या मिस्साविषयी रोमहून स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. अँग्लिकन परंपरेत बालकाचा बाप्तिस्मा होई, परंतु प्रभुभोजनासाठी त्याला दृढीकरणापर्यंत थांबावे लागे. बॅप्टिस्ट परंपरेत मात्र स्वतःच्या मुखाने विश्वास प्रकट करणाऱ्यालाच बाप्तिस्मा दिला जातो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या वेळी या भिन्न परंपरा एकत्र आल्या आणि बालबाप्तिस्मा व प्रौढ विश्वासूंचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना मान्यता मिळाली. बालकाच्या स्थानाविषयी दोन प्रामाणिक मते एका छत्राखाली नांदू शकतात, हे या तडजोडीने दाखवून दिले. बाप्तिस्मा पाळण्यात होवो वा तारुण्यात, मधल्या वर्षांत ते मूल दर रविवारी काय करते, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांपुढे सारखाच उरतो.

शब्बाथशाळा हे त्याचे सर्वांत प्रचलित उत्तर होय. इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० च्या सुमारास सुरू केलेल्या या शाळा आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना लिहावाचावयास शिकविण्यासाठी होत्या. त्या उपासनेला पर्याय म्हणून निघाल्या नव्हत्या. भारतात १८७६ साली इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. मुलांच्या वयाला साजेसे शिक्षण देण्याचे मोठे कार्य या संस्थांनी केले, हे निर्विवाद आहे. परंतु जेथे शाळेची वेळ व उपासनेची वेळ एकच ठेवली जाते, तेथे एक अनपेक्षित परिणाम होतो. मूल ख्रिस्ताविषयी शिकते, पण आपले आईवडील प्रार्थना कशी करतात हे त्याला दिसत नाही. पुढे चौदापंधराव्या वर्षी त्याला मोठ्यांच्या उपासनेत आणून बसविले म्हणजे ती त्याला परकी वाटते.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात याहून वेगळी वाट उपलब्ध होती, हे विशेष. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन, अभंग व कीर्तन यांना मराठी ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. त्यांच्या बालकविता आणि त्यांची उपासनागीते ही दोन स्वतंत्र दालने मानण्याचा प्रघात आहे; पण ज्याला मुलांशी बोलता येते त्याची उपासनेची भाषाही सुगम होते, हा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भजनाची रचनाच बालकाला आत घेणारी आहे. ध्रुवपद वारंवार येते. त्यामुळे वाचता न येणारे मूलही दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात ते उचलते. टाळ व टाळी यांमुळे हातांना काम मिळते. कीर्तनातील आख्यान कथारूपाने पुढे जाते. श्रोते जमिनीवर बसत असल्याने मूल आईच्या मांडीवरून उतरून पुढे सरकले तरी कोणाचा रसभंग होत नाही. छापील गीतपुस्तक, लांब बाक व तासभराचे प्रवचन यांवर उभी असलेली उपासना मात्र बालकाकडून साक्षरता, निश्चलता व मौन या तिन्हींची एकदम अपेक्षा करते.

मराठी भाषकांतच आणखी एक उद्बोधक उदाहरण सापडते. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हग्गादा हा ग्रंथ १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. या विधीत घरातील सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारावयाचे असतात आणि त्यांच्या उत्तरातून मुक्तीची सारी कथा उलगडते. म्हणजे ज्या प्रश्नाला अन्यत्र व्यत्यय समजतात, तोच येथे विधीचा आरंभ आहे.

औरंगाबादचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगरचे) उदाहरण घेतल्यास या चर्चेचे व्यावहारिक मोल कळते. मूळचे पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने येथे दीर्घकाळ कार्य केले. क्राइस्ट चर्च हे येथील जुने उपासनामंदिर खाम नदीपलीकडील छावणीत आहे. औरंगपुऱ्यासारख्या जुन्या शहरातील पेठेतून तेथे जावयाचे म्हणजे लहान मुलांच्या कुटुंबाला रविवारी लवकरच घर सोडावे लागते. तेथे पोचल्यावर मूल आवरत नाही म्हणून एकाने बाहेर ओट्यावर उभे राहावयाचे, तर मुलाबरोबर बहुधा आईचीही उपासना हुकते. काही महिने असेच चालले की ते कुटुंब येणेच सोडते. मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारे असेल, तर ‘उपासना संगीत’ हे पुस्तक हाती असूनही त्यातील मराठी त्याला परके वाटते. अशा घरात मराठी प्रार्थना पुढच्या पिढीपर्यंत पोचण्याचे ठिकाण उपासनामंदिर हेच उरते. आणि तेथूनच मुलाला बाहेर पाठविले, तर भाषा व श्रद्धा या दोहोंचा धागा एकाच वेळी सैल होतो.

याचा अर्थ मोठ्यांना लागणारी शांतता निरर्थक आहे असा नव्हे. शोकाकुल माणसाला, वृद्धाला, ऐकू कमी येणाऱ्याला ती हवीच असते. म्हणून सामावून घेणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, हेही सांगावयास हवे. मुलांना मागे न बसविता पुढे बसविणे, जेथून त्यांना वेदी व पाळक दिसतील; आरंभी ध्रुवपदाचे एखादे भजन ठेवणे; प्रभूची प्रार्थना दर रविवारी त्याच शब्दांत व सावकाश म्हणणे; दानाची थैली फिरविणे किंवा छोटे शास्त्रवाचन मुलांकडे सोपविणे; शब्बाथशाळा उपासनेच्या आधी वा नंतर भरविणे; हे उपाय खर्चिक नाहीत. नाताळचे नाटक व झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक यांत मुले पुढे असतातच; पण वर्षातून दोनदा मुलांचे कौतुक पाहणे आणि बावन्न रविवार त्यांच्यासह प्रार्थना करणे यांत अंतर आहे. पहिल्यात मूल प्रेक्षणीय असते, दुसऱ्यात ते सहउपासक असते.

बालकाला उपासनेचा अर्थ पूर्णपणे कळत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो प्रौढांनाही लागू पडतो. घरी पंगतीला बसलेल्या मुलाला अन्नाचे गुणधर्म ठाऊक नसतात, म्हणून त्याचे पान कोणी वेगळ्या खोलीत मांडीत नाही. पंगतीत बसूनच ते जेवावयास शिकते.