नऊ खोल्यांचा शनिवार

पहाटे ३. गजर व्हायच्या आत जाग येते. आमच्या लॉजच्या चार नंबरच्या खोलीत इंदूरचं कुटुंब आहे, त्यांना काकड आरतीला शिर्डी गाठायची आहे. इथून, नगरच्या नागापूरहून, मनमाड रस्त्यानं साधारण ८० किलोमीटर, आणि ट्रकांची रांग लागली तर वेळेचा भरवसा नाही. मी फोन करत नाही, जाऊन दार वाजवते. फोन बंद करून माणूस पुन्हा झोपतो; दारातल्या हाकेला ओ द्यावीच लागते. सोलरचं पाणी थंडीत पहाटेपर्यंत कोमट होतं, म्हणून आजींच्या अंघोळीपुरतं गॅसवर तापवून ठेवलेलं असतं.

सकाळी ६. आता एमआयडीसीवाले. दोन नंबरमधले कोइमतूरचे सर तीन आठवड्यांपासून एका कारखान्यात मशीन बसवताहेत. पहिली पाळी सातची, त्याआधी त्यांना पोहे आणि चहा. त्यांच्यासारख्यांना आम्ही मरून रंगाचे टॉवेल देतो. मशीनचं ऑइल पांढऱ्या कापडातून निघत नाही, आणि डाग पडला म्हणून पाहुण्याला बोल लावणं मला पटत नाही. ज्याचं जसं काम, तसा त्याचा टॉवेल.

सकाळी ९. पाण्याची वाट. नगरला पाणी येतं मुळा धरणातून, विळदला पंपिंग होऊन. तिकडे वीज गेली की इथला पाण्याचा दिवस पुढे सरकतो. आज नळ आला, ह्यांनी गच्चीवरच्या टाक्या भरून घेतल्या. नाहीतर टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या.

११ वाजता मावशी येतात. सहा खोल्यांच्या बारा चादरी धुऊन गच्चीवर वाळत घालायच्या. बाहेर धुवायला टाकल्या तर कष्ट वाचतील, पण उन्हात वाळलेल्या चादरीचा वास पाहुण्याला अंथरुणावर टेकताच कळतो. तेवढ्यासाठी आम्ही दोघी रोज जिने चढतो.

दुपारी १२ ला खोली सोडा, असं आम्ही कुणाला म्हणत नाही. आमच्याकडे चोवीस तास, आल्यापासून मोजायचे. रात्री दहाला थकून आलेल्या माणसाकडून दुसऱ्या दुपारी पुढच्या दिवसाचे पैसे कसे मागायचे? हिशेब किचकट होतो, खोली कधी मोकळी होईल ते आधी सांगता येत नाही. ह्यांचं नि माझं यावरून दोनदा चांगलं वाजलं. मी हटले नाही.

दुपारी तास-दीड तास पाठ टेकते.

४ वाजल्यापासून नवे पाहुणे. शनिवार म्हणजे शिंगणापूरचे भाविक. रजिस्टर, आधारची झेरॉक्स, कुठून आलात, कुठे जाणार. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरायची. तशी वेळ बहुधा जानेवारीअखेर येते, ३१ तारखेला मेहेरबाबांच्या अमरतिथीला, म्हणजे पुण्यतिथीला, मेहेराबादला जगभरातून माणसं येतात तेव्हा. ते अरणगावकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे जागा नाही मिळाली की एखादा इथवर येतो.

रात्री ८. जेवणाला मेनूकार्ड नाही. घरात जे, तेच. आज पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा. इंदूरच्या आजी दुपारीच शिर्डीहून परतल्या. त्यांनी भाकरी दुधात कुस्करून मागितली आणि माझ्या हातावर उदीची पुडी ठेवली.

१०. फळीवर नऊ खिळे. किल्ली खिळ्यावर असली की पाहुणा बाहेर. आता एकच लटकते आहे, सात नंबरची. नेवाशाकडच्या वहिनी. त्यांचे यजमान विळद घाटातल्या हॉस्पिटलात आहेत, आज ऑपरेशन होतं. पाच दिवस त्या तिथल्या बाकावर बसतात आणि रात्री अंघोळीपुरत्या, झोपेपुरत्या इथे येतात. सात नंबर तळमजल्यावर, आमच्या दाराशेजारी. मुद्दामच दिली आहे.

सव्वाअकरा. रिक्षा थांबली. वहिनी आत आल्या, चपला तशाच पायात.

"शुद्धीवर आले ताई. पाणी मागितलं त्यांनी."

मी तवा पुन्हा गॅसवर चढवला. त्या ओट्यापाशी पाटावर बसल्या आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या, पाच दिवसांत पहिल्यांदा. मग पहाटे साडेपाचला उठवाल का, म्हणाल्या. घड्याळात गजर लावला, आणि पाणी तापवायचं पातेलं शेगडीशेजारी भरून ठेवलं.