अंगणातील शिंजीर व त्याचे अन्न : बार्शीच्या परिसरातील एक विचार

घरच्या बागेत हमिंगबर्ड यावेत म्हणून काय करावे, असा प्रश्न अलीकडे आपल्याकडेही विचारला जातो. साखरपाणी भरून टांगावयाच्या लाल बाटल्या बाजारात मिळू लागल्या आहेत, आणि त्यांच्या वेष्टनावर हमिंगबर्डचेच चित्र असते. या प्रश्नाचे पहिले उत्तर थोडक्यात देता येते. हमिंगबर्ड हा पक्षी आज केवळ अमेरिका खंडात व त्यालगतच्या बेटांवर आढळतो. त्याच्या सुमारे ३६० जाती ज्ञात असून त्यांपैकी एकही भारतात नाही. बार्शीतील एखाद्या अंगणात जास्वंदीपुढे क्षणभर तरंगताना जो चिमुकला झळाळता पक्षी दिसतो, तो शिंजीर होय. त्यालाच सूर्यपक्षी असेही म्हणतात. संध्याकाळच्या सुमारास फुलापुढे स्थिर राहून लांब सोंडेने मध शोषणारा जो जीव पुष्कळांना हमिंगबर्ड वाटतो, तो बहुधा पतंगाच्या जातीचा कीटक असतो.

तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. हमिंगबर्ड नसला तरी फुलांतील मधावर जगणारा पक्षी आपल्या अंगणात येतो, आणि त्याला खाऊ घालावे ही इच्छाही रास्त आहे. हे खाऊ घालणे कशा रीतीने केले असता त्या पक्ष्याच्या खरोखर उपयोगी पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साम्य आणि भेद

हमिंगबर्डचे जवळचे आप्त म्हणजे पाकोळ्या. शिंजिराची गणना मात्र चिमणी, बुलबुल, कावळा यांच्यासह पॅसेरिफॉर्मीस या गणात होते. शिंजिराच्या नेक्टारिनिडी या कुलात एकशेचाळीसहून अधिक जाती असून त्या आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया या खंडांत पसरलेल्या आहेत. या दोन कुलांचे पूर्वज वेगळे. परंतु दोघांनीही फुलातील मध हे मुख्य अन्न पत्करले आणि दोघांच्याही ठिकाणी लांब चोच, नळीसारखी जीभ, लहान शरीर व धातूसारखी चमकणारी पिसे ही लक्षणे स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. अभिसारी उत्क्रांतीचे हे ठळक उदाहरण पदव्युत्तर वर्गात नेहमी दिले जाते. या कथेस एक पुरवणीही आहे. जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून गेराल्ड मायर यांनी २००४ साली आधुनिक हमिंगबर्डसारख्या एका पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पक्षिसमूह एके काळी जुन्या जगातही होता, असे त्यावरून दिसते.

अन्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद असा, की हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो, तर शिंजीर शक्य तेथे फांदीवर किंवा देठावर बसून पितो. त्यालाही क्षणभर तरंगता येते, पण ती त्याची नित्याची रीत नव्हे. म्हणून शिंजिरासाठी झाड निवडताना फुलाजवळ बसावयास जागा आहे किंवा नाही हे प्रथम पाहावे. जेथे चोच मधापर्यंत पोहोचत नाही, तेथे तो लांब नळीच्या फुलाला बुडाशी छिद्र पाडून मध घेतो. अशा वेळी परागांना स्पर्श न होता मध जातो. म्हणजे फुलाच्या दृष्टीने ती चोरीच ठरते.

आपल्याकडील दोन जाती

या परिसरातील बागेत दोन जाती लक्षात घ्यावयाच्या. पहिली जांभळा शिंजीर, सिनिरिस एशियाटिकस. विणीच्या हंगामात नर दुरून काळा दिसतो, पण उन्हात त्याच्या अंगावर निळी-जांभळी झळाळी उमटते. हंगाम संपल्यावर हा वेष उतरतो आणि नर मादीप्रमाणे वर तपकिरी, खाली पिवळसर होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. शिंजीर निघून गेला व दुसराच पक्षी आला, असा समज होतो तो या वेषांतरामुळे. दुसरी जाती लेप्टोकोमा झेलोनिका. हिच्या नराचे पोट पिवळे व कंबरेवर जांभळी झाक असते, आणि त्याचा वेष वर्षभर तसाच राहतो. दोन्ही पक्षी सुमारे दहा सेंटीमीटर लांबीचे असतात.

जांभळ्या शिंजिराची वीण मुख्यतः मार्च ते मे या काळात होते. घरटे बांधण्याचे काम मादी करते. गवताच्या काड्या, सालींचे तुकडे, सुकी पाने व अळ्यांची विष्ठा हे सर्व कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी सांधून ती लोंबती पिशवी तयार करते, आणि प्रवेशद्वारावर छोटेसे छज्जेही काढते. पुष्कळदा असे घरटे ओसरीतील तारेला किंवा दाराजवळच्या वेलीला टांगलेले आढळते. अंडी बहुधा दोन असतात व ती मादीच उबवते. पिलांना भरविण्यात मात्र नर साहाय्य करतो.

मध, कोळी आणि पिले

फुलातील मध म्हणजे प्रामुख्याने पाणी व शर्करा. शिंजिराचे शरीर या अन्नाला उत्तम जुळलेले आहे. दक्षिण आफ्रिकेत शिंजिरांच्या जातींवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की सुक्रोज, ग्लुकोज व फ्रुक्टोज या तिन्ही शर्करा हे पक्षी जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतात. मध पातळ असेल तर अधिक पिऊन ते ऊर्जेची तूट भरून काढतात. प्रौढ पक्ष्याची नत्राची गरजही अल्प असते. यावरून साखरपाणी पुरेसे आहे, असा निष्कर्ष कोणी काढील.

तो निष्कर्ष पिलांच्या बाबतीत टिकत नाही. वाढणाऱ्या पिलाला स्नायू व पिसे घडविण्यास प्रथिने लागतात, आणि ती मधात जवळजवळ नसतात. म्हणून शिंजिराची जोडी पिलांसाठी कोळी, अळ्या, माश्या व इतर मृदू कीटक आणते. येथे कोळ्याचे दुहेरी महत्त्व ध्यानात घ्यावे. त्याच्या धाग्यावाचून घरटे उभे राहत नाही, आणि त्याच्यावाचून पिलांचे एक प्रमुख भक्ष्य नाहीसे होते. दर रविवारी केरसुणीने बागेतील सगळी जाळी झाडून काढणारा आणि गुलाबावर कीटकनाशक फवारणारा गृहस्थ जेव्हा शिंजिरासाठी साखरपाण्याची बाटली टांगतो, तेव्हा तो एका हाताने जे देतो त्याहून अधिक दुसऱ्या हाताने काढून घेतो. जी कीटकनाशके वनस्पतीच्या रसात भिनतात, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड, त्यांचे अंश मधात व परागांतही उतरतात. अशा झाडाचे फूल शिंजिरासाठी निर्धोक मानता येत नाही.

पळस आणि पक्षी यांचा व्यवहार

फूल आणि पक्षी यांच्या या संबंधाचा अभ्यास आपल्या देशात जुना आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३१ साली कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर व फुलचुकी यांचा वाटा कोणता, यावर लेख लिहिला आणि १९३२ साली भारतातील पुष्पपक्षी व पक्षिपुष्पे यांवर विस्तृत लेख लिहिला. हे दोन्ही लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. शिंजीर बांडगुळाच्या फुलांचे परागण करतो व फुलचुकी त्याची फळे खाऊन बी दुसऱ्या फांदीवर नेते, हा व्यवहार त्यांत उलगडलेला आहे. मूळचे सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आपल्या पक्षिकोशाद्वारे मराठी अभ्यासकांस पक्ष्यांच्या मराठी नावांचा मोठा आधार दिला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पळसासंबंधीचा अभ्यास आपल्या दृष्टीने अधिक जवळचा. राजेश टंडन, के. आर. शिवण्णा व एच. वाय. मोहन राम यांचा पळसाच्या पुनरुत्पादनावरील निबंध २००३ साली ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ मध्ये प्रसिद्ध झाला. पळसाच्या फुलांवर अनेक जातींचे पक्षी येतात. परंतु त्यांपैकी परिणामकारक परागण करणारा पक्षी त्यांना एकच आढळला, आणि तो म्हणजे जांभळा शिंजीर. पक्ष्यांखेरीज खारीचाही वाटा त्यांना दिसून आला. म्हणजे बालाघाटच्या उतारांवर फाल्गुनात जो पळस फुलतो, त्याच्या शेंगा धरण्याशी या दहा सेंटीमीटरच्या पक्ष्याचा निकट संबंध आहे. शिंजिराला अन्न देणे हा केवळ भूतदयेचा विषय राहत नाही, तो येथे वनस्पतींच्या पुढील पिढीचाही प्रश्न होतो.

साखरपाण्याची बाटली

या दृष्टीने केप टाऊन येथील एक अभ्यास विचारात घेण्याजोगा आहे. उपनगरांतील घरांनी साखरपाण्याच्या बाटल्या टांगल्या असता लगतच्या नैसर्गिक झुडूपवनातील शिंजिरांची संख्या व त्यांच्या फुलांना होणाऱ्या भेटी कमी होतात, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेथील वनस्पती निराळ्या, हे खरे. पण कारण समजण्यास कठीण नाही. जेथे अल्प श्रमात भरपूर शर्करा मिळते तेथे पक्षी जाणारच, आणि तेवढा वेळ तो फुलांपासून दूर राहणार.

बार्शीच्या हवामानाचा मुद्दा याहून साधा आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असून उन्हाळ्यात येथे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. अशा उष्म्यात साखरपाणी लवकर आंबते व त्यावर बुरशी धरते. तरीही कोणास बाटली ठेवावयाचीच असेल, तर एक भाग साधी पांढरी साखर व चार भाग पाणी हे हमिंगबर्डसाठी रूढ असलेले प्रमाण राखावे. मध, गूळ किंवा रंग त्यात घालू नये. बाटली सावलीत टांगावी, आणि उन्हाळ्यात द्रावण रोज बदलून ती गरम पाण्याने धुवावी. हे नित्य होणार नसेल तर बाटली न टांगणे हेच पक्ष्याच्या हिताचे.

अंगणाचे वेळापत्रक

बाटलीपेक्षा झाड श्रेष्ठ, हे मान्य केल्यावर कोणती झाडे हा प्रश्न उरतो. येथे एखादेच झाड निवडण्यापेक्षा वर्षाच्या प्रत्येक काळात काही ना काही फुललेले राहील, अशी योजना करावी. हिवाळ्यात अडुळसा व कोरफड फुलतात; दोन्ही अल्प पाण्यावर तग धरतात. कोरफडीचा उभा दांडा शिंजिराला बसावयास सोयीचा असतो. शेवग्याच्या फुलांवरही तो येतो. माघ-फाल्गुनात पळस व पांगारा फुलतात. ज्यांच्याजवळ मोठे आवार आहे किंवा शाळा-महाविद्यालयाचे मैदान आहे, त्यांनी हे दोन वृक्ष कुंपणाकडेला अवश्य लावावेत. परसातील न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ व कर्दळ यांचाही उपयोग होतो. केळफुलावर शिंजीर हमखास येतो.

खरी अडचण एप्रिलच्या उत्तरार्धापासून पहिला पाऊस पडेपर्यंतची. पळस व पांगारा ओसरलेले असतात, आणि घरट्यात पिले असतात किंवा नुकतीच उडालेली असतात. या काळात जास्वंदीला थोडे पाणी मिळाले तरी ती फुलत राहते. मात्र आपल्याकडे पहाटेच जास्वंदीची सारी फुले पूजेसाठी खुडली जातात. देवाला वाहिल्यावर दोनचार फुले झाडावर राहू द्यावीत. भगवंताच्या या नगरीत त्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

हॅमेलिया व रसेलिया ही बागेत सर्रास दिसणारी झुडुपे मूळची अमेरिकेतील. त्यांची तांबडी नळीदार फुले हमिंगबर्डच्या सान्निध्यात घडली, आणि आज आपल्या अंगणात शिंजीर त्यांतील मध घेतो. अभिसारी उत्क्रांतीचा प्रत्यय यावा असे हे दृश्य आहे. ही झुडुपे लावण्यास हरकत नाही, पण त्यांनी देशी झाडांची जागा घेऊ नये. घाणेरीच्या फुलांवरही शिंजीर येतो. तथापि ती आक्रमक वनस्पती असल्याने मुद्दाम लावू नये. उलट जुन्या झाडावर वाढलेले बांडगूळ दिसताच ते सगळे उपटून टाकण्याची घाई करू नये. झाडाला धोका नसेल तेथे एखादी फांदी राखावी.

याखेरीज तीन गोष्टी पाळाव्यात. उथळ परळात सावलीत पाणी ठेवावे. खिडकीच्या काचेत किंवा गाडीच्या आरशात स्वतःचे प्रतिबिंब पाहून नर त्यावर तुटून पडतो आणि थकून जातो. विणीच्या दिवसांत अशा काचा झाकाव्यात. घरटे आढळल्यास फांदी छाटू नये, आणि छायाचित्रासाठी वारंवार जवळ जाऊ नये. वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी नष्ट करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये निषिद्ध आहे, हेही ध्यानात असावे.

अभ्यासासाठी एक सूचना

हा विषय विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येण्याजोगा आहे. एकच अंगण निवडावे. वर्षभर दर आठवड्याला ठरावीक वेळी अर्धा तास बसून तीन स्तंभांत नोंद ठेवावी : कोणते झाड फुलले, शिंजिराने त्यावर किती भेटी दिल्या, आणि मध समोरून घेतला की बुडाशी छिद्र पाडून. चौथा स्तंभ कोळ्यांच्या जाळ्यांचा असावा. बार्शी, कुर्डुवाडी, येडशी अशा ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्यास या भागातील मधाचा तुटवडा नेमका कोणत्या आठवड्यात पडतो, हे निश्चित होईल आणि कोणते झाड लावावे याचे उत्तर अनुमानावर अवलंबून राहणार नाही. त्यासाठी दुर्बीण असल्यास उत्तम. नसली तरी चालेल, कारण हा पक्षी माणसाच्या दाराशी येऊन बसणारा आहे.