काटा पुढे, जोर मागे

डिसेंबरात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की सहा महिन्यांचा कोर्स मेमध्ये संपत येतो. गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगामही नेमका तेव्हाच. धरा, एक बाई आहे. डिसेंबरात ३३ किलोंची होती, आता काट्यावर ३८ भरते. खोकला गेला, बेडक्यात जंतू नाहीत, कार्डावर सगळं ठीक. पण तिला विचारा, ती म्हणेल, "आंगात जोर नाही जी." आणि चार दिवसांनी ती अंधारातच उठून रानात जाणार असते, कारण वर्षाचा रोख पैसा या दोन-तीन आठवड्यांतच हाती येतो.

तिच्या या वाक्यावर टॉनिकची बाटली लिहून दिली जाते. खरं तर ती तक्रार करत नसते, निदान सांगत असते.

या रोगाला आपल्याकडे क्षय म्हणतात ते उगाच नाही. ताप आणि दाह चालू असला की भूक मरते आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून गुजराण करतं. मांड्या, दंड, पाठ, म्हणजे कष्टाला लागणारा सगळा ऐवज झिजतो. गोळ्या लागू पडल्या की वजन परत येऊ लागतं; पण येतं ते काय? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनमधल्या टीबी रुग्णांची शरीरं उपचारांच्या काळात मोजली होती. वाढलेलं वजन मुख्यतः चरबीचं निघालं, स्नायू जवळपास होते तिथेच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना पुन्हा पोटभर जेवण मिळालं तेव्हाही हाच क्रम दिसला: चरबी आधी, ताकद मागाहून. काटा बिचारा दोन्ही एकाच आकड्यात दाखवतो.

म्हणून वजन वाढणं बिनकामाचं, असं मात्र नाही. झारखंडमध्ये २,८०० रुग्णांना उपचारांच्या काळात महिन्याला १० किलोंचा शिधा दिला गेला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. या शिध्यात रोज ५२ ग्रॅम प्रथिनं होती, आणि धानाच्या मुलखातल्या ताटात कमी पडतात ती तीच. भाताचा डोंगर आणि वर पातळ वरण. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून टीबी रुग्णांना मिळणारे महिन्याला ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. त्यातून पेशंटसाठी अंडी आणि सुकी मासळी येते की घरादाराचं तेल-मीठ, हे कोणत्याही कार्डावर दिसत नाही. घट्ट वरण आणि रोजची दोन अंडी टॉनिकपेक्षा उपयोगी आणि बहुधा स्वस्तही.

पण नुसतं खाऊन स्नायू बनत नाहीत. त्यांच्यावर भार पडावा लागतो, आणि तो पायरीपायरीने वाढावा लागतो. हे शहाणपण जुनं आहे. इंग्लंडमध्ये फ्रिमलीच्या सॅनेटोरियममध्ये मार्कस पॅटरसन नावाचे डॉक्टर १९०५ पासून रुग्णांना आधी चालायला लावत, मग टोपलीतून माती वाहायला, मग लहान फावडं, मग मोठं, शेवटी कुदळ. ताप चढला की पुन्हा अंथरूण. या मेहनतीने शरीरातच एक प्रकारची लस तयार होते, ही त्यांची उपपत्ती चुकीची ठरली. पायऱ्या मात्र बरोबर होत्या. पुढे औषधं आली. घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात, हे मद्रासच्या प्रयोगाने १९५९ मध्ये दाखवून दिलं. सॅनेटोरियमं ओस पडली, ते चांगलंच झालं. फक्त त्यांच्याबरोबर मातीची टोपलीही गेली.

ती टोपली आपल्याकडे घरातच आहे, तिला गुंड म्हणतात. पहिल्या आठवड्यात पाव गुंड पाणी, मग अर्धा, मग पाऊण. वाढवायचं केव्हा? काम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा उरला नाही, तर. मोजायचं कसं? भिंतीला टेकवलेल्या बाजेवर किंवा खुर्चीवर बसायचं, हात छातीशी बांधायचे आणि एका मिनिटात किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजायचं. श्वसनाच्या दवाखान्यांत हीच चाचणी करतात. आशाताईंनी वजनाच्या आकड्याशेजारी हाही आकडा वहीत लिहिला, तर जोर कुठवर आला ते कळेल. ताप, थुंकीतून रक्त किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

'रोज पहाटे अर्धा तास फिरा' हा सल्ला मात्र ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे देऊ नये. तिथे पहाट वाघाची असते. अंगणातल्या फेऱ्या पुरतात.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवायच्या. सुरुवातीच्या दोन महिन्यांत सांधे दुखले तर दोष पायराझिनामाइडच्या गोळीचाही असू शकतो. पायांना मुंग्या येत असतील तर बी-६ जीवनसत्त्वाविषयी विचारावं. गोळ्या वजनावर ठरतात. आपली बाई ३३ वरून ३८ वर जाताना तिच्या रोजच्या गोळ्या २ वरून ३ झाल्या का, हे बघायला हवं. सिकलसेल असेल तर मेच्या उन्हात पाण्याविना राबणं म्हणजे दुखण्याला आवतण. आणि गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून असली तरी मोहाच्या झाडाला कुणी ते सांगितलेलं नाही. या गोळ्या आणि दारू मिळून यकृताची वाट लावतात.

उरला तेंदू. पानं तोडणं म्हणजे झुडपागणिक वाकणं, सरळ होणं, ओझं घेऊन चालणं, तेही उन्हं चढायच्या आत. पॅटरसनच्या हिशेबात ही कुदळीची पायरी झाली. पण याच हंगामात दुसरंही एक काम असतं: घरी सावलीत बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधणं. या वर्षी तोडाईला घरच्या दुसऱ्या कुणी जावं आणि पुडे तिने बांधावेत, एवढी अदलाबदल बहुतेक घरांत जमू शकते. पुडे विकत घेणारी फळी मेअखेर उठते, धानाची रोवणी जुलैच्या मध्यावर रंगात येते. मधे सहा-सात आठवडे मिळतात. फुप्फुसांच्या रुग्णांची ताकद परत आणणारे कार्यक्रम जगभरात साधारण तेवढेच चालतात.