चिंचोक्यांचा अभ्यास

मुलाला तिसरं वर्ष लागलं की पालक शाळा बघायला निघतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "लिहायला कधी घेता?" बाई म्हणाल्या, "सध्या खेळू दे," की फी भरताना हात आखडतो. खेळायला काय, घरी खेळतोच की!

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डी गावात जे केलं, ते या पालकांना सांगावंसं वाटतं. माँटेसरीबाईंची पहिली शाळा १९०७मध्ये रोमच्या गरीब वस्तीत निघाली, पण आपल्याकडे साधनं हाताळत शिकण्याची त्यांची पद्धत बरीचशी शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरती राहिली. कारण साधनं महाग. बोर्डीत त्या गुळगुळीत लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं आली. मुलं शाळेत येईनात, तर बाया पाड्यावर गेल्या आणि अंगणातच बालवाडी भरवली. आधी आंघोळ, वेणीफणी, मग गाणी-गोष्टी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी आणली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या पोरीला शिकायचं तर आधी तिची कड मोकळी व्हायला हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर गेली.

अशा बिया-शिंपल्यांतून मूल काय शिकतं, ते घरीच बघा. एका ताटलीत चिंचोके, वाल आणि शिंपले एकत्र करून चार वर्षांच्या मुलापुढे ठेवा. ते आधी नुसतं चिवडतं, मग आपसूक ढीग वेगळे करायला लागतं. चिमटीत एकेक दाणा उचलताना जी तीन बोटं तयार होतात, तीच उद्या पेन्सिल धरणार असतात. आता सात चिंचोके आणि सात शिंपले समोरासमोर मांडा. "सारखे आहेत," ते सांगेल. चिंचोक्यांची ओळ जरा लांब पसरवा; बहुधा म्हणेल, "आता हे जास्त!" पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हीच गंमत टिपली होती. शंभरपर्यंत अंक गिरवलेलं मूलही इथं फसतं. हाताने मांडत, मोडत, पुन्हा मांडत गेलं की कधीतरी त्याला उमगतं.

पण म्हणून मुलांना नुसतं मोकळं सोडून बाईंनी मोबाइल बघत बसायचं, याला खेळातून शिक्षण म्हणत नाहीत. आज काय मांडायचं, कुठे गप्प राहायचं, कधी एखादाच प्रश्न टाकायचा, हे बाईंनी आदल्या दिवशी ठरवलेलं असावं लागतं. (चिंचोका नाकात जातो, तेव्हा नजर हवीच. आणि गुंजा कितीही देखण्या असोत, विषारी असतात, त्या नकोत.)

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला मानाचं पान दिलं. पण अंगणवाडीतल्या ताईंकडे वजनं, लसीकरण, गरोदर बायांच्या भेटी आणि मोबाइलवरच्या नोंदीही असतात, मदतनीस खिचडीत गुंतलेली. ताटली मांडून मुलांजवळ बसायचं कोणी? प्रत्येक अंगणवाडीला निव्वळ मुलांसाठी एक वेगळी शिक्षिका द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतींवरची कार्टूनं नंतर रंगवता येतील.