चोवीस आकड्यांत अख्खं वर्तुळ

इ.स. ४९९च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीय’मध्ये आर्यभटाने ‘ज्यां’चे, म्हणजे आपल्या साइनचे, अवघे २४ फरक दिले. दर ३ अंश ४५ कलांना एक, त्रिज्या ३४३८ कला. यादी ९० अंशांवर थांबते. पुढचं काय? पुढचं लागतच नाही!

साइन म्हणजे वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूची आडव्या अक्षापासूनची उंची, त्रिज्येच्या पटीत मोजलेली. ३० आणि १५० अंशांचे बिंदू उभ्या अक्षाच्या दोन बाजूंना, पण एकाच उंचीवर. म्हणून दोघांची ज्या १७१९, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. २१० आणि ३३० अंशांवर बिंदू तेवढाच खाली असतो: आकडा तोच, चिन्ह उणे. कोन उणे केला की साइनही उणे होतो. कोसाइन मात्र ढिम्म हलत नाही.

साइनच्या आलेखातही हेच दिसतं. शून्याभोवती तो १८० अंशांत फिरवा, जसाच्या तसा स्वतःवर बसेल. ९० अंशांच्या उभ्या रेषेवर आरसा धरला तरीही.

गंमत उलट्या प्रश्नात आहे. ०.५ हा साइन कोणत्या कोनाचा, असं कॅल्क्युलेटरला विचारलं की तो ३० सांगून मोकळा होतो. त्रिकोणातला तो कोन विशालकोन असेल, तर १५० आपणच आठवायचा.